गंभीररावांची दाढ

मध्यंतराच्या आधीच गंभीरराव रडायला लागले. गंभीरराव म्हणजे शहरातले सर्वांत ज्येष्ठ सिनेसमीक्षक. समीक्षकांसाठीच्या खास खेळाला बाकीची मंडळी पडद्याकडे कमी आणि यांच्या तोंडाकडे जास्त बघत. उगाच स्वतःचं डोकं कशाला शिणवा? यांनी नाक मुरडलं की सिनेमा नापास, मान डोलावली की पास. आणि आज तर हा माणूस चक्क रुमालात तोंड खुपसून कण्हत होता!

सिनेमा एका मुलीचा होता. रस्ता रुंद करायला तिचं घर पाडायचं ठरतं, तर ती घरालाच चालायला शिकवते. घर रांगतं, धडपडतं, शेवटी बुलडोझरलाच पळवून लावतं आणि तोवर मुलगीही मोठी झालेली असते. दिग्दर्शिकेचा हा पहिलाच सिनेमा. लोकांनी पोट धरून हसावं म्हणून तिने त्यात जीव ओतला होता. मागच्या रांगेत बसून ती एका तरी हशाची वाट बघत होती.

गंभीररावांची मात्र दाढ ठणकत होती. सिनेमा त्यांनी पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आलं, 'काळीज चिरणारा!' एका विद्वानाला तर रांगणाऱ्या घरात अख्ख्या मानवजातीची हतबलता दिसली.

"अहो, आधी ती दाढ काढून या," बायको म्हणाली.

"आधी परीक्षण! संपादक डोक्यावर बसलेत. पण लिहू काय, कपाळ?"

"बाकीच्यांनी काय लिहिलंय बघा की. एवढी शहाणी माणसं खोटं लिहितील होय?"

गंभीररावांनी सगळ्यांची परीक्षणं वाचली आणि छातीठोकपणे लिहिलं, 'मी रडलो.'

मग काय! लोक रुमाल घेऊन येऊ लागले. चुकून कुणी फिस्सकन हसलंच, तर शेजारचे डोळे वटारत.

"हाऊसफुल्ल आहे मॅडम, आणखी काय हवं?" थिएटरमालक म्हणाला.

"कुणीतरी हसायला हवं हो," दिग्दर्शिका रडवेली होऊन म्हणाली.

"हसले तर उद्यापासून येईल कोण?"

दाढ काढल्यावर गंभीरराव बायकोला घेऊन सिनेमाला गेले. पडद्यावर घर स्वतःच्याच उंबऱ्याला अडखळून आपटलं आणि गंभीरराव खो खो हसत सुटले. आवरेचना.

"लाज नाही वाटत?" पुढच्या बाई कडाडल्या. "त्या पोरीचं घर जातंय आणि तुम्ही दात काढताय? सिनेमातलं कळत नसेल तर गंभीररावांचं परीक्षण वाचून यावं माणसाने!"

डोअरकीपरने दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं.

"व्हा पुढे," बायको म्हणाली. "मला शेवट बघायचाय."

दारातच दिग्दर्शिका उभी होती. "सर, तुम्ही हसलात! मी ऐकलं! मग त्या दिवशी रडत का होता?"

गंभीररावांनी मान खाली घालून दाढेचं सगळं सांगून टाकलं. तिच्या रागाचा पारा चढला.

"पुढचा सिनेमा खरंच दुःखाचा आहे," ती दातओठ खात म्हणाली. "अजून एखादी किडकी दाढ शिल्लक आहे का, सर?"