उन्मेषचे हरकत प्रमाणपत्र

माणसाच्या वाट्याला येणारा बहुतेक उजेड हा कोणाच्या तरी भिंतीवर आपटून आलेला असतो. कॅनडातल्या मिल्टनच्या नव्या वसाहतीतील तळघरांना हे सत्य विशेष लागू पडते. उन्मेष ज्या बेसमेंटमध्ये राहत असे त्याला एकच खिडकी होती, तीही जमिनीच्या पातळीवर, आडवी आणि अरुंद. सूर्य तिच्यासमोर कधीच येत नसे. तो आधी शेजारच्या घराच्या पांढऱ्या गॅरेजच्या दारावर येई, तेथे थोडा रेंगाळे, आणि मग परत फिरून, मार्चमधल्या उरल्यासुरल्या बर्फाची कड उजळत, जरासा फिका होऊन उन्मेषच्या खोलीत शिरे. प्रथम तो छताजवळच्या पाइपावर बसे. मग राइस कुकरच्या झाकणावर उतरे. मग पांघरुणाच्या घडीवर, आणि सरतेशेवटी उन्मेषच्या उघड्या तळहातावर, इतक्या हलक्या पावलांनी, की तळहाताला त्याचा पत्ताही लागू नये. शेजारी कामावर निघाला की गॅरेजचे दार वर जाई आणि सूर्योदय तात्पुरता रद्द होई. (दार खाली आले की तो पुन्हा सुरू होई. अशी सोय सर्वत्र नसते.)

या उजेडात उन्मेषला स्वतःची संपूर्ण जीवनकहाणी दिसत असे. पुरेसा वेळ एका जागी थांबणाऱ्या कोणत्याही वस्तूत स्वतःची जीवनकहाणी दिसणाऱ्या तरुणांपैकी तो एक होता.

ही कहाणी थोडक्यात अशी. उन्मेष मूळचा सांगलीचा. लहानपणी तो गात असे, आणि वनिताबाई नावाच्या त्याच्या गाण्याच्या बाईंच्या मते बरे गात असे. पुढे तो इंजिनिअर झाला, कॅनडात आला, पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळवली, आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधण्याच्या कामावर रुजू झाला. गाणे सुटले. 'सुटले' हा शब्द तो वापरत नसे. तो म्हणे, "मला अडवलं गेलं." मराठीत कर्मणी प्रयोगाची फार मोठी सोय आहे.

मिल्टनमधील मराठी पॉटलकच्या, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणण्याच्या, जेवणांत हे वाक्य तो खाली बघून, वरणभात कालवता कालवता उच्चारी. त्याचा परिणाम अभ्यासण्याजोगा होता. ऐकणाऱ्यांपैकी साधारण साठ टक्के लोक "अरेरे" म्हणत. तीस टक्के लोक लगेच आपली कहाणी सुरू करत (चित्रकला, टेबल टेनिस, एका बाबतीत तर घोडेस्वारी). उरलेले दहा टक्के रस्सा वाढून घेत. एकूण हिशेब पाहता, अडवल्या गेलेल्या कलावंतांची इतकी दाट वस्ती जगात अन्यत्र नसावी. अडवणारे मात्र एकाही पॉटलकला आढळत नसत.

उन्मेषच्या खोलीच्या भिंतीपलीकडे, त्याच बेसमेंटच्या दुसऱ्या खोलीत, जानेवारीत डारा किलब्राइड राहायला आला. हा तेवीस वर्षांचा आयरिश गायक आणि टीव्ही नट. घराच्या मालकीणबाई सुनेत्राकाकू (मूळच्या नागपूरच्या) त्याला प्रेमाने 'तो आयरिश पोट्टा' म्हणत आणि त्याच्या दारात आठवड्यातून एकदा भाजीचा डबा ठेवत.

डारा ज्या मालिकेत काम करत होता तिचे कथानक आयर्लंडच्या किनाऱ्यावरील एका कोळीवाड्यात घडत होते. म्हणून तिचे चित्रीकरण कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात चालू होते. मिल्टनबाहेर चुनखडीच्या एका जुन्या खाणीत पाणी साठलेले आहे. त्याला अटलांटिक महासागर समजण्यात आले होते. डारा अटलांटिक ओलांडून त्या अटलांटिकच्या काठी उभा राहायला आला होता. त्याचे उच्चार पुरेसे आयरिश वाटत नाहीत, असे पहिल्याच आठवड्यात ठरल्याने त्याला एक शिक्षक नेमून दिला होता. शिक्षक कॅनडातल्याच रेजिना शहरचा होता.

डाराच्या कारकिर्दीचा उन्मेषने भिंतीआडून आणि इंटरनेटवरून सखोल अभ्यास केला होता. लहानपणी गावच्या चर्चमध्ये अंत्यविधींना गाणे. सोळाव्या वर्षी बसथांब्यावर गायलेले गाणे कोणीतरी चित्रित करणे. पहिला अल्बम (ग्राहक: मुख्यतः मावश्या). लोण्याच्या जाहिरातीत गाईकडे बघून हसणे. मग एका मालिकेच्या पहिल्याच भागात बुडून मरणे, आणि प्रेक्षकांना आवडल्यामुळे पुढे दोन वर्षे इतरांच्या आठवणींत दिसत राहणे. या सर्वांतून उन्मेषने काढलेला निष्कर्ष असा, की डाराला परिस्थिती अनुकूल होती. पाऊस, उदासी आणि गाणाऱ्या मावश्या या तीन गोष्टी मिळाल्यावर कोणीही गायक होईल. सांगलीत या तिन्ही गोष्टी आहेत, ही बाब त्याने अभ्यासाच्या व्याप्तीबाहेर ठेवली.

एका रविवारी दोघे ड्रायरसमोर आपापल्या कपड्यांची वाट पाहत उभे असताना डारा म्हणाला, "तू कपडे वाळेपर्यंत जे गुणगुणतोस ना, ते मी भिंतीतून नेहमी ऐकतो."

"सॉरी," उन्मेष म्हणाला. "यापुढे नाही."

"तसं नव्हे. आमच्या मालिकेत एक हिंदी महासागरातून भरकटत आलेला बोटीवरचा डॉक्टर आहे. एका मयताच्या घरी तो मिनिटभर गातो, आपल्या भाषेत. ठरलेला नट आजारी पडला. मी तुझं नाव दिलंय. गुरुवारी सकाळी दहाला ये, फक्त गाऊन दाखवायचं."

ड्रायर थांबला. उन्मेषने एका मोज्याची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

येथून पुढे त्याने जे केले ते सुशिक्षित मराठी माणसाला शोभेल असेच होते. आपल्याकडे काहीही करण्यापूर्वी ना-हरकत प्रमाणपत्र घेण्याची पद्धत आहे: सोसायटीचे, कार्यालयाचे, सासरचे. उन्मेषला मात्र गरज होती ती नेमकी उलट दाखल्याची. आयुष्यात प्रथमच संधी दार ठोठावत असताना, कोणीतरी अधिकृतपणे हरकत घेणे आवश्यक होते. (गाण्यातल्या हरकतींशी या हरकतीचा संबंध नाही. त्या त्याला येत होत्या.)

पहिला अर्ज वर, स्वयंपाकघरात, सुनेत्राकाकूंकडे.

"काकू, गुरुवारी सकाळी एक ऑडिशन आहे. म्हणजे, जायचं की नाही ते ठरायचंय."

"अरे मंग जा नं. काय विचारून राहिला?"

"पण बेसमेंट भाड्याने देताना तुम्ही शांत मुलगा हवा असं म्हणाला होतात."

"शांत म्हणजे दारू पिऊन धिंगाणा न घालणारा. गाऊ नको असं कोण म्हटलं? शिरा करून देऊ का? रिकाम्या पोटी आवाज फाटते."

काकूंचे यजमान संजयकाका जेवणाच्या टेबलाशी विंटर टायर्स कधी काढावेत याविषयी व्हिडिओ बघत होते. त्यांनी मान वर न करता, "मी सोडून देतो तुला. आपल्याला काही प्रॉब्लेम नाही बा," असे म्हणून दुसराही अर्ज निकाली काढला.

तिसरा अर्ज कार्यालयात. उन्मेषचा व्यवस्थापक डग हा चेहऱ्यावरून तरी कठोर मनुष्य होता. सुट्टीचे कारण ऐकून त्याचे डोळे पाणावले. त्याचा भाऊ बँजो वाजवत असे आणि आता वाजवत नाही, असे त्याने सांगितले, आणि लागल्यास शुक्रवारही घे, म्हणाला. चौथा अर्ज शासनाकडे. सरकारी हेल्पलाइनवर भरपूर बासरी ऐकल्यानंतर एका सौम्य स्त्रीने त्याला कळवले, की पीआर असल्यास गाण्यावर कोणतेही निर्बंध नाहीत. "कोणतेच?" उन्मेषने विचारले. तिने सहकाऱ्याला विचारून खात्री केली. कोणतेच.

इतक्या मोठ्या देशात एक माणूस नाही म्हणायला तयार नसावा, याचे उन्मेषला मनापासून वाईट वाटले. स्थलांतरितांना पाठबळ मिळत नाही अशी ओरड होते, ती अगदीच निराधार नाही.

राहता राहिला मुख्य दाता. बुधवारी संध्याकाळी त्याने सांगलीला फोन लावला. तेथे गुरुवारची पहाट होती, आणि त्याचे वडील सूर्यकांत चहा गाळत होते. कर्मणी प्रयोगातील तो न उच्चारलेला कर्ता, तो हाच. पॉटलकमध्ये साठ टक्के लोक ज्याच्यामुळे "अरेरे" म्हणत, तो मनुष्य गाळणे झटकून म्हणाला, "बोल."

उन्मेषने सर्व सांगितले. बाजू भक्कम करण्यासाठी त्याने, यामुळे नोकरीवर परिणाम होऊ शकतो, लोक हसू शकतात आणि थंडीत घसा बसू शकतो, हेही जोडले.

"मग?" सूर्यकांत म्हणाले.

"मग तुमचं काय मत आहे?"

"जा की. मला रेकॉर्डिंग पाठव."

"बाबा, तुम्ही बारावीला काय म्हणाला होतात?"

"काय?"

"आधी इंजिनिअरिंग, असं."

"आधी म्हणालो होतो. नंतर गाऊ नकोस म्हणालो होतो का?" पलीकडे बशीचा आवाज झाला. "वनिताबाई दोन वर्षं निरोप पाठवत होत्या. मी तुला विचारायचो, जातोस का रे? तू म्हणायचास, आवाज बसलाय. मी त्यांना सांगायचो, येईल, येईल. शेवटी बाईच म्हणाल्या, सूर्यकांतराव, आता आवाजावर काय ते ढकलू नका."

"तसं नव्हतं ते."

"बरं. नसेल तसं." सूर्यकांत हे वाद न घालणारे गृहस्थ होते, आणि अशा वडिलांमुळे मुलांचे किती नुकसान होते याचा कोणी अभ्यास केलेला नाही. "उद्या काय गाणार आहेस?"

उन्मेषने नेटवर्क खराब असल्याचे सांगितले. ते उत्तम होते.

गुरुवारी सकाळी डाराने दार वाजवले. उन्मेष इस्त्रीचा शर्ट घालून पलंगाच्या कडेवर बसला होता. शर्ट घालेपर्यंत त्याचा विचार खरोखरच जाण्याचा होता, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

"मला एक सांग," तो म्हणाला. "मी वाईट गायलो तर?"

"तर ते तसं सांगतील. जेवण मात्र देतात," डारा म्हणाला. "मला इतक्या वेळा परत पाठवलंय की आता मी आधी जेवणच विचारतो."

"तुला घरून पाठिंबा होता. त्याने फरक पडतो."

डारा हसला. "घरून? बापाने माझी गिटार कोळशाच्या कोठारात कुलूप लावून ठेवली होती. मी इलेक्ट्रिशियन व्हावं असं त्याला वाटायचं. मी अर्धा आहे इलेक्ट्रिशियन. चर्चमध्ये अंत्यविधींना बिनगिटारीचा गायचो तो हौसेने नव्हे."

येथे उन्मेषच्या अभ्यासातील एक महत्त्वाचे गृहीतक कोसळले. ज्याला खरोखर अडवले होते तो मनुष्य गळ्यात मफलर गुंडाळून दारात उभा होता, आणि निघण्याची घाई करत होता. उन्मेषने त्याच्याकडे पाहिले, आणि अत्यंत शांतपणे, खाली बघत म्हणाला, "मला यायला आवडलं असतं. पण आमच्या घरी चालणार नाही. आमच्याकडे ते तसंच असतं."

डाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटलं मित्रा," तो म्हणाला, आणि त्याला खरेच वाईट वाटले होते.

वर पोर्चवर सुनेत्राकाकू शिऱ्याचा डबा घेऊन उभ्या होत्या, आणि संजयकाकांनी गाडी गरम करायला लावली होती. उन्मेषने घसा धरल्याचे कळवल्यावर काकूंनी हळदीचे दूध करायला घेतले. गाडी गरम झालीच आहे तर वाया का घालवा, म्हणून काकांनी डाराला खाणीपर्यंत सोडले. तेथे डॉक्टरच्या शोधात सकाळपासून हैराण झालेल्या मंडळींनी त्यांना, तुम्हाला तुमच्या भाषेत काही गाता येते का, असे विचारले. काकांना पाठ अशी एकच गोष्ट होती, एक आरती. त्यांनी ती आरती, सर्व कडव्यांसह, स्वतःच टाळ्या वाजवत, कोणत्याही सुराबाबत पक्षपात न करता म्हटली. दिग्दर्शिका म्हणाली, हा मनुष्य खरोखर समुद्रावरून आल्यासारखा गातो.

संजयकाका दोन भागांत दिसणार आहेत. त्यांनी कधी कलावंत होण्याचे ठरवले नव्हते, त्यामुळे त्यांची तयारी नव्हती. म्हणून त्यांना जाता आले.

पुढच्या महिन्यात काकूंकडेच पॉटलक झाले. काकांचे अभिनंदन झाले, केक कापला गेला, आणि ओघाने कलेचा विषय निघाला. उन्मेषने वरणभात कालवला. खाली पाहिले. "मीही गायचो," तो म्हणाला. "पण मला अडवलं गेलं."

"अरेरे," असे साठ टक्के लोक म्हणाले.

समोर अपूर्वा नावाची नुकतीच पुण्याहून कॉलेजसाठी आलेली मुलगी बसली होती. तिला तेथील रीतभात अजून माहीत नव्हती. तिने घास तसाच हातात ठेवून, खरोखर जाणून घेण्यासाठी विचारले, "कोणी?"

उन्मेषने तोंड उघडले. डावीकडे सुनेत्राकाकू त्याच्या पानात पोळी वाढत होत्या. उजवीकडे संजयकाका, उन्मेष माझ्यापेक्षा चांगला गातो, असे शेजाऱ्याला सांगत होते. खिशात फोन थरथरला. रेकॉर्डिंग झाले का, असा वडिलांचा या महिन्यातला तिसरा संदेश होता.

वाचकांनी येथे उन्मेषला हसण्यास कोणाचीही हरकत नाही. हसून झाल्यावर ज्याने त्याने आपापल्या अडवणाऱ्याचे नाव आठवून पाहावे. त्याला फोन मात्र लावू नये, तो उचलतो.

उन्मेषला कोणीही अडवले नव्हते.