नवाबाची आंघोळ

त्या रविवारी सकाळी मी फक्त एवढंच ठरवलं होतं की कोंबड्याला आंघोळ घालायची. एवढ्याशा गोष्टीपायी दुपारपर्यंत मी एका भल्या माणसाला चोर म्हणेन आणि भर मैदानात अंगात नुसती बंडी ठेवून मांडी घालून बसेन, असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला आधी बसायला सांगून पाणी दिलं असतं. (उत्तर मागाहून दिलं असतं. मला उत्तर द्यायला वेळ लागतो.)

माझं बोलणं सावकाश आहे. सारं आयुष्य नागपूरच्या गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानात तागे उलगडण्यात आणि पुन्हा गुंडाळण्यात गेलं. तिथं बोलायचं काम शेठचं आणि गिऱ्हाइकाचं. मी मध्ये कापड धरून उभा. त्यामुळे बोलायची सवयच लागली नाही. मी वाक्य सुरू करतो, मध्ये जरा दम घेतो, आणि तेवढ्यात समोरचा माणूस ते वाक्य आपल्या मनानं पुरं करून निघूनही जातो. माझी बायको जिजाबाई तर माझी वाक्यं इतकी वर्षं पुरी करते आहे, की मला काय म्हणायचं होतं ते पुष्कळदा मला तिच्याकडूनच कळतं.

कोंबड्याचं नाव नवाब. रंगानं तांबडा, शेपूट काळी, आणि अंगावरचं एकूण एक पीस उलटं. बाकी कोंबड्यांची पिसं अंगाला चापून बसलेली असतात, मागं वळलेली. नवाबाची बाहेर वळून डोक्याकडं पाहतात. पाठीमागून वावटळ आली, निघून गेली, आणि नंतर याला कुणी कंगवाच दिला नाही, असा त्याचा थाट. माझ्या आईच्या वेळी सावनेरकडं आमच्या गावात घरोघरी अशा कोंबड्या होत्या. मग हॅचरीची पांढरी पिल्लं आली, भराभर वाढली, भराभर विकली गेली, आणि या उलट्या पिसांच्या मंडळींना कुणी विचारेना. मी गाव सोडलं, पण हे वाण सोडलं नाही. मागच्या पावसाळ्यात मुंगसानं शेवटची उलट्या पिसांची कोंबडी नेली. आता आमच्या अंगणात साध्या गावरान कोंबड्या आहेत आणि एकटा नवाब. त्याच्या पिल्लांतून पुन्हा उलट्या पिसांची निघतील. तो गेला तर आमच्याकडं ही जात संपली. गोष्ट एवढी सोपी आहे. मला सांगायला मात्र अर्धा तास लागतो.

आमच्या ले-आउटचे, म्हणजे वसाहतीचे, सेक्रेटरी मधुसूदन यांच्यापाशी अर्धा तास नव्हता.

"मारोतराव, तुमचा कोंबडा अंधार असतानाच ओरडून राहिला ना भाऊ! मले झोपच नाही. अन् हा काय अवतार त्याचा? काही रोग-बिग तर नाही त्याले?"

"रोग नाही. ते जुनं वाण..."

"जुनं असो का नवं. तुम्ही सगळ्या ले-आउटभर सांगता ना, दुर्मीळ आहे म्हणून? मग रविवारी कृषी प्रदर्शनात जनावरांच्या डॉक्टर मॅडम येऊन राहिल्या. न्या त्यांच्यापुढं. मी बी येतो. त्या म्हणाल्या दुर्मीळ, तर राहू द्या खुशाल. त्या म्हणाल्या साधा, तर सोमवारी खुराडं उचला, अन् कोंबडा कापा नाहीतर विका."

"मंजूर," मी म्हणालो. (वाक्य एका शब्दाचं असलं की मी सहसा हरत नाही.)

म्हणून रविवारी आंघोळ. परीक्षेला चाललेल्या पोराला आई घालते तशी. कोमट पाणी घेतलं, थोडी शिकेकाई घेतली. पण जानेवारीचा गारठा मी हिशेबात घेतला नव्हता. नवाब भिजला आणि पाहता पाहता अर्धा झाला. डोळे मिटून थरथरायला लागला. माझा जीव घाबरा झाला.

तेवढ्यात आमची सून मयुरा बाहेर आली. आमच्या मुलाचं, अंकितचं, लग्न उन्हाळ्यात झालं, आणि दिवाळीपर्यंत तिनं समोरच्या खोलीत ब्यूटी पार्लर थाटलंसुद्धा. पोरगी कामाला वाघ आहे. मायाळूही तेवढीच.

"बाप्पा! मामाजी, गारठून राहिला ना तो! द्या इकडं, ड्रायर लावते."

"मयुरा, त्याची पिसं..."

"सरळ करून देऊ? हो ना जी, करते ना! मी आईंना म्हणूनच राहिली होती, प्रदर्शनात असा झिंज्या वाढवून कसा न्यायचा? तुम्ही जा, दाढी करून घ्या."

मला म्हणायचं होतं, 'त्याची पिसं फार तापू देऊ नकोस.' पण 'फार' तोंडात येईपर्यंत ती नवाबासकट आत गेली होती.

दाढी करून आलो तर पार्लरचं दार बंद. आतून मयुराचा आवाज, "अशी मान वर कर ना राजा, झालंच आता." मग जिजाबाईचा, "पाय धर वं त्याचे, पाय धर!" मला वाटलं गिऱ्हाईक आलं असेल. (गिऱ्हाईक 'कॉक् कॉक्' करत होतं, याचं मला नवल वाटायला हवं होतं. पण तिथं आत जाऊन बाया काय काय ओरडतात, याची मला काय कल्पना?)

थोड्या वेळानं दोघी बाहेर आल्या. हातात बांबूचं डालगं, वरून जिजाबाईचं जुनं लुगडं घट्ट बांधलेलं.

"तिथं गेल्यावरच उघडा मामाजी. सरप्राइज आहे."

ऑटोत मी डालगं मांडीवर घेऊन बसलो. सासू-सुना एकमेकींकडं पाहून हसत होत्या. मला बरं वाटलं. घरात एकी आहे, असं मनात म्हटलं.

मैदानात आम्हाला जागा मिळाली ती कामठीच्या गोविंदाच्या शेजारी. त्याचे कडकनाथ कोंबडे ओळीनं पिंजऱ्यात, कोळशासारखे काळे. आमच्या मागं लाउडस्पीकरवाल्याचा टेबल. मधुसूदन इस्त्रीचा शर्ट घालून आधीच हजर होते. डॉक्टर प्रीती मॅडम एकेक पिंजरा पाहत आमच्यापर्यंत आल्या. वयानं लहान, पण बोलणं गोड.

"दाखवा आजोबा, काय आणलंय?"

मी गाठ सोडली. डालग्यातून एक कोंबडा बाहेर आला. गुळगुळीत, चापून-चोपून, तेल लावून शाळेत निघालेल्या पोरासारखा. पिसं अशी बसलेली की माशी घसरावी.

"अरे वा!" मॅडम म्हणाल्या. "साधा गावरानच आहे, पण चकाकी काय सुंदर! काय खाऊ घालता हो?"

मी पाहतच राहिलो. "हा... माझा..."

"हो, तुमचाच, दिसतंच आहे, किती जपलाय," मॅडम म्हणाल्या.

"...नाही!" मी वाक्य पुरं केलं. "माझा कोंबडा बदलला! चोरी झाली!" आणि शेजारी दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी सरळ गोविंदाकडं बोट केलं.

गोविंदा उठून उभा राहिला. "बाबाजी, होशमध्ये आहे ना तुम्ही? माह्याकडं सगळे काळे. पिसं काळी, पाय काळे, आतून मांस बी काळं. तुमचा तांबडा घेऊन मी कुठं ठेवू? खिशात?"

लोक हसायला लागले. तेवढ्यात त्या गुळगुळीत कोंबड्यानं पुढं येऊन माझ्या स्वेटरचं खालचं बटण चोचीत धरलं आणि ओढलं. हे काम जगात फक्त नवाब करतो. पिल्लू होता तेव्हापासून.

"नवाबा," मी म्हणालो, "काय झालं रे तुले?"

मयुराचं हसू गेलं. "मामाजी, मी स्ट्रेटनिंग केलं त्याचं. मशीन एकदम कमीवर ठेवली होती. एकेक पीस. सिरम बी लावलं... चांगला नाही दिसत काय?"

"लय चांगला दिसून राहिला!" मधुसूदन टाळी वाजवून म्हणाले. "सगळ्यांनी ऐकलं ना? मॅडम काय म्हणाल्या? साधा गावरान. मारोतराव, सोमवारी खुराडं उचला."

जिजाबाई पदर खोचून पुढं झाली. "मॅडम, त्याचे पीस उलटे हायेत जी. आम्ही सकाळी सरळ केले."

"सरळ... केले?" मॅडम गोंधळल्या.

"काहीही सांगतील हे मॅडम," मधुसूदन म्हणाले. "उद्या म्हणतील, याले सोंड होती, सकाळी कापली."

पुन्हा हशा. आणि त्या हशात माझ्या आत काहीतरी तडकलं. नवाबाला उचलून छातीशी धरलं आणि मी म्हणालो, "मी खुराडं काढत नाही."

पुढचं वाक्य पुरं करायला कुणी आलं नाही. जिजाबाईसुद्धा नाही. म्हणून मीच पुढं गेलो.

"सोमवारी नाही, मंगळवारी नाही, कधीच नाही. माझ्या मायनं ही जात जपली, अन् तुमच्या झोपेपायी मी ती बुडवू काय? याले रोग नाही. हा साधा नाही. हे तुम्हाले दिसत नाही तोपर्यंत मी इथून उठत नाही. प्रदर्शन संपलं तरी उठत नाही. मंडप काढा अंगावरून."

आणि मी खाली मातीत मांडी घातली. (गुडघे इतके कडाडले की गोविंदाचे दोन कोंबडे दचकले. पण बसलो.)

मयुरा माझ्यापाशी येऊन रडायला लागली. "मामाजी, माह्यामुळंच झालं सगळं. अन् त्याचा फायदा बी नाही ना काही. एकदा पाणी लागलं की हे सगळं परत जातं. गिऱ्हाइकं याच्यासाठीच तर भांडतात माझ्याशी."

"काय म्हणाली?"

"पाणी लागलं की परत जातं."

माझ्या बाजूला गोविंदाच्या कोंबड्यांची पाण्याची बादली होती. आयुष्यात मी एवढ्या लवकर कुठलंच काम केलं नाही. मयुराचं वाक्य संपलं तेव्हा बादली रिकामी होती.

"आजोबा!" मॅडम ओरडल्या. "थंडीत कोंबड्याला..."

"थांबा," मी म्हणालो. (डॉक्टरचं वाक्य मी तोडलं. याची मला आजही लाज वाटत नाही.)

मग मी स्वेटर काढला आणि त्यानं नवाबाला पुसलं. स्वेटर ओला झाला म्हणून शर्ट काढला. शर्टात त्याला गुंडाळून उन्हाकडं तोंड करून नुसत्या बंडीत बसलो. माणसं गोळा झाली. एक जण मागून टाचा उंचावून विचारत होता, "काय विकून राहिले इथं?" दुसरा म्हणाला, "विकून नाही राहिले. कोंबडा वाळवून राहिले."

मधुसूदन घड्याळ पाहत उभे होते, पण हलले नाहीत. शब्द दिला होता, आणि निकाल आपल्या बाजूनं लागतो आहे हे डोळ्यांनी पाहायची हौस होती.

ऊन वर आलं. शर्ट बाजूला केला. काही झालं नाही. नवाब भिजलेल्या पायमोज्यासारखा मांडीवर पडून होता. माझ्या मनात नाही नाही ते आलं. मशीननं पिसांची मुळंच जळली असतील तर? याचं उलटेपण कायमचं गेलं असेल तर? मी त्याच्या मानेवर फुंकर घालत राहिलो. लहान पोराच्या खरचटल्या गुडघ्यावर घालतात तशी.

आणि मानेमागचं एक पीस हललं. उठलं, जरा विचार केला, आणि वळून डोक्याकडं पाहायला लागलं.

"मामाजी!" मयुरा किंचाळली.

मग दुसरं उठलं. मग पाठीवरची, मग पंखांवरची, कढईत कुरडई फुलावी तशी. नवाब माझ्या मांडीवरून उतरला, सगळं अंग एकदा झाडलं, आणि समोर उभा राहिला तो जुनाच. विस्कटलेला, फुललेला, अंगानं दुप्पट. तो थेट लाउडस्पीकरच्या टेबलावर चढला आणि माइकपाशी मान उंच करून आरवला. सारं मैदान दणाणलं. पलीकडं ट्रॅक्टर पाहणारी माणसंसुद्धा पळत आली.

प्रीती मॅडमनी त्याला अलगद उचललं, पिसं बोटांनी उलटी-सुलटी करून पाहिली, मुळापाशी पाहिलं. "हा रोग नाही," त्या मधुसूदनना म्हणाल्या. "ही जन्मजात ठेवण आहे. नागपूरसारख्या उन्हात अशा पिसांमुळं अंगाला वारा लागतो. पण असे आता फार क्वचित पाहायला मिळतात. आजोबा, मघाशी मी साधा म्हणाले, ते शब्द परत घेते. याला काही होऊ देऊ नका. पिल्लं निघाली की मला कळवा, मी बघायला येईन."

मी गोविंदाची माफी मागायला वळलो. "गोविंदा, मी तुले..."

"चोर म्हणालो, माफ कर," त्यानंच वाक्य पुरं केलं. "केलं माफ. आता बादली भरून आणा."

मधुसूदन मात्र कच्चे नव्हते. "मॅडम, दुर्मीळ आहे, मान्य. शब्द म्हणजे शब्द, खुराडं राहू द्या. पण त्याच्या पहाटेच्या ओरडण्याचं काय?"

"रात्री अंधाऱ्या, ठेंगण्या जागी ठेवा. उजेड दिसला नाही आणि मान उंच करता आली नाही, की सहसा गप्प राहतो."

आमच्या घरात अंधारी, ठेंगणी जागा एकच आहे. जिन्याखालची माझी खोली. तेव्हापासून नवाब रात्री माझ्या खोलीत असतो. तिथं दिवा लावायचा नाही, खोकायचं नाही, दार उघडायचं नाही, असा जिजाबाईचा नियम आहे. माझी बाज अंगणात, खुराड्याला लागून. वर दोन गोधड्या आणि कानटोपी. तरी मी जिंकलो होतो, आणि जिंकलेल्या माणसाला थंडी कमी वाजते.

परवा सकाळी मधुसूदन फाटकाशी आले. डोळे लाल.

"मारोतराव, कोंबड्याची काहीच तक्रार नाही. एकदम गुपचूप. पण तुम्ही अंगणात जे घोरून राहिले ना, ते चार घरं ओलांडून ऐकू येतं. ते बंद करा, नाहीतर आत झोपा."

मी बाजेवर उठून बसलो. लढाईची मला आता चटक लागली होती.

"बंद होणार नाही," मी ठासून सांगितलं. "कोंबडा आत राहील अन् मी इथंच राहीन. माझा आजा असाच घोरत होता, माझा बाप बी असाच घोरत होता. ही बी आमच्या घरची जुनी..."

मी दम घ्यायला थांबलो. दारातून जिजाबाईनं वाक्य पुरं केलं.

"ही जात नका जपू जी. ही काही दुर्मीळ नाही, घरोघरी हाय."