आहेरकाकांच्या कडा

आमच्या शेजारचे आहेरकाका कोणाच्याही घरी गेले की लगेच खुर्चीवर बसत नाहीत. आधी ती उलटी करतात. खुर्चीचे चार पाय वर, आणि काका गुडघे टेकून, चष्मा नाकावर ओढून तिच्या पोटात डोकावतायत, हे दृश्य आमच्या कॉलनीत आता कोणाला नवीन नाही. सांधे दाबून बघतात, सांध्यात स्क्रू दिसला की "च् च्" करतात, मग खुर्ची सरळ करून यजमानाकडे कीव आल्यासारखं बघत तिच्यावर टेकतात. तोवर चहा निवलेला असतो.

कॉलनीपुरतं होतं तोवर ठीक होतं. एकदा माझ्या भाच्यासाठी मुलगी बघायला आम्ही येवल्याला गेलो. वडीलधारं कोणीतरी सोबत हवं म्हणून मीच काकांना घेतलं. माझी अक्कल त्या दिवशी कुठे चरायला गेली होती देव जाणे. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा काकांनी बैठकीच्या मधोमध टीपॉय आडवा पाडला होता आणि ते त्याचे पाय बोटांनी वाजवून बघत होते. मुलीच्या आईने ट्रे ठेवायचा कुठे म्हणून तो तसाच धरून ठेवला. परत येताना गाडीत भाच्याने भीत भीत विचारलं, "काका, तुम्हाला कसं वाटलं?"

"पोरगी गुणाची आहे," काका म्हणाले, "पण टीपॉयला वाळवी आहे. सांगून आलोय त्यांना."

लग्न जमलं. त्या लोकांनी वाळवीचं औषधही मारून घेतलं. आजही त्या घरी गेलं की आमच्याआधी काकांची चौकशी होते, आणि मला त्याचा थोडा राग येतो.

काका मूळचे कळवणकडचे. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. इंदिरानगरात आमची रो-हाउसं एकमेकांना चिकटून आहेत, मधली भिंत सामाईक. निवृत्त झाल्यावर लोक हास्यक्लबात जातात, काकांनी रंधा विकत घेतला. अंगणात पत्रा टाकला, खाली ओबडधोबड ठोकळ्यांचं एक बाक उभं केलं आणि तेव्हापासून आमच्या घरात पोळीला स्पिरिटचा वास येतो.

लाकूडही त्यांना दुकानातलं चालत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत परदेशातून मशिनं येतात, त्यांच्या पॅकिंगच्या पेट्या भंगारवाले मोडून विकतात. काका स्कूटरवर त्या फळ्या आडव्या बांधून आणतात आणि येताना अख्खा रस्ता अडवतात. "हे लाकूड जर्मनीचं आहे," ते फळीवर थाप मारून सांगतात. "आपण काय तिकडं गेलो नाय, तेच आलं आपल्याकडं." त्यांच्या बैठकीतल्या टीपॉयच्या एका पायावर आतल्या बाजूला अजून काचेच्या पेल्याचं चित्र आणि 'ही बाजू वर' असा बाण आहे, आणि तो बाण जमिनीकडे आहे. त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्यालाही टीपॉय उलटा करून हे बघावं लागतं. नाही बघितलं तर चहा मिळत नाही.

कामाच्या बाबतीत मात्र नाव ठेवायला जागा नाही. माझं सासऱ्यांच्या वेळचं सागवानी टेबल मी त्यांना पॉलिशला दिलं, तर सबंध हिवाळा त्यांनी ते परत दिलं नाही. विचारलं की म्हणायचे, "थंडीत पॉलिश रुसतं, बाई. त्याला ऊन पडू दे." मी शाळेतल्या मुलांचे पेपर मांडीवर घेऊन तपासले. फाल्गुनात टेबल आलं. काका म्हणाले, "डोळे मिट आणि हात फिरव. डोळ्याला विचारू नको, हाताला विचार." मी हात फिरवला आणि हिवाळाभर मनात साठवलेलं सगळं बोलणं गिळून टाकलं. इतकी वर्षं मी त्या टेबलावर लिहीत होते, पण ते लाकूड आहे हे मला त्या दिवशी कळलं.

हे 'हाताला विचार' त्यांचं अलीकडचं. आणखी एक अलीकडचं खूळ म्हणजे कडा. पूर्वी त्यांच्या घरातलं सगळं फर्निचर एका नमुन्याचं होतं, सरळ कडा, साधे पाय. मग अचानक त्यांनी एकेक वस्तू अंगणात काढून तिची कड पुन्हा करायला घेतली. जेवणाच्या टेबलाची कड गोल केली, पलंगाची नागमोडी, कपाटाच्या दारांना बोटभर रुंद खोबण. कशाचा कशाला मेळ नाही. एक वस्तू सासरची आणि एक माहेरची असावी तसं ते घर दिसायला लागलं. मी एकदा म्हटलंही, "काका, एक काहीतरी ठरवा ना." ते हसले आणि पॉलिश पेपर घासत राहिले.

त्यातून वस्तू हलवलेली त्यांना खपेना. संक्रांतीचं हळदीकुंकू काकूंकडे होतं. बायकांना बसायला जागा व्हावी म्हणून आम्ही टीपॉय भिंतीला सरकवला. काका बाहेरून आले, दारातच थबकले, आणि नटूनथटून बसलेल्या डझनभर बायकांना उठवून त्यांनी टीपॉय होता तिथे आणून ठेवला. वाण घेताना कोणी काही बोललं नाही, पण गेटबाहेर पडल्यावर सगळ्या बोलल्या. मीही बोलले. म्हातारपणी माणूस असा हेकट होतो, वगैरे.

मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी त्यांच्याकडे कैरीचं लोणचं द्यायला गेले. दार लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि तिथेच उभी राहिले. काका बैठकीतून स्वयंपाकघराकडे चालले होते. डोळ्यांवर पंचा घट्ट बांधलेला, एक हात पुढे. हात टेबलाच्या कडेला लागला तसे थांबले, कडेवरून बोटं फिरवली, वळले, दोन पावलं गेले आणि कपाटावर सणसणीत आदळले.

"काका! काय चाललंय हे?"

त्यांनी पंचा वर करून एका डोळ्याने बघितलं. "हळू बोल. ती झोपलीय आत."

मग कपाळ चोळत ते टीपॉयवर बसले आणि मला सगळं सांगितलं. काकूंच्या डोळ्यांचे पडदे साखरेने गेले होते. डाव्या डोळ्याने काहीच नाही, उजव्याने उजेड तेवढा कळतो. डॉक्टरांनी आहे ते टिकवा म्हणून सांगितलं होतं. काकू गुडघे दुखतात म्हणून बाहेर पडत नाहीत असं आम्ही सगळे समजत होतो, कारण त्यांनीच तसं सांगितलं होतं.

"तिला कोणी हात धरलेला आवडत नाय," काका म्हणाले. "लग्नात धरू दिला तो भटजीनं सांगितलं म्हणून. आता डोळे गेले तर मी रोज हात धरून तिला न्हाणीघरात न्यायचं? ती जेवण सोडंल पण हे करू द्यायची नाय. मग म्हटलं, घरालाच सांगावं. गोल लागलं की टेबल, नागमोडी लागलं की पलंग, खोबण लागली की कपाट, तिथून डावीकडं न्हाणीघर. माझी गरजच नको. पण कपाट अजून चुकतंय. खोबण उशिरा लागती हाताला."

मी लोणच्याची बरणी हातात धरून उभी होते. हळदीकुंकवाच्या दिवशी गेटबाहेर मी जे जे बोलले होते ते आठवून मला घाम फुटला. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याचाही राग आला, त्याचा काही संबंध नसताना.

त्यानंतर सामाईक भिंतीतून येणारं बोलणं मला निराळं ऐकू यायला लागलं. सकाळी भाजी फोडणीला टाकता टाकता ऐकायचे.

"आता काय लागलं हाताला?"

"नागमोडी."

"म्हणजे?"

"पलंग, अजून काय असणार!"

"पास!"

काकांचा तो 'पास' इतक्या जोरात असायचा की आमच्या मांडणीतली भांडी वाजायची. काकूंचं उत्तर कधी चुकलेलं मी ऐकलं नाही. काका मला कुंपणावरून अभिमानाने सांगायचे, "लय हुशार बाई आहे. दोन महिन्यांत सगळं घर पाठ केलं. माझ्यापेक्षा हात तयार झालाय तिचा." ते इतके खूश असायचे, की मी माझ्या शाळेतल्या कुठल्याही मुलाच्या बापाला इतकं खूश झालेलं पाहिलं नाही.

पावसाळा सरता सरता काकू एकदा अंगणात पायरीवर ऊन खात बसल्या होत्या. मी शेंगा सोलायला त्यांच्याजवळ बसले. त्यांनी मूठभर शेंगा उचलल्या तेव्हा मला दिसलं, उजव्या हाताच्या दोन बोटांवर मोठे फोड आले होते.

"काकू, भाजलं कधी?"

"कुठं?"

"कुठं काय? बोटांना. केवढे फोड आलेत!"

त्यांनी अंगठ्याने बोटं चाचपली. चाचपतानाही त्यांना नक्की कुठे ते सापडलं नाही. काका घरात नाहीत याची त्यांनी कानोसा घेऊन खात्री केली आणि मग आवाज खाली आणला. "सुनीता, तुला म्हणून सांगते. ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नको. बोटंसुद्धा बधिर झालीत गं. तवा तापलाय की नाही तेसुद्धा कळत नाही. गोल काय न् नागमोडी काय, मला सगळं सारखंच लागतं."

"पण तुम्ही तर रोज बरोबर सांगता."

"मी उभी कुठं आहे ते ठाऊक असतं की मला. हे घर मी झाडलंय, सारवल्यासारखं पुसलंय इतकी वर्षं. पलंगाजवळ उभी राहून पलंग म्हणायला काय लागतं?" त्या हसल्या. मग हसू थांबलं. "डोळ्यांचं कळलं तेव्हा हे जेवेनात. ताट समोर घेऊन नुसते बसायचे. मग एक दिवस पलंगाची कड कोरायला घेतली आणि त्या दिवशी भाकरी मागून घेतली. आता बोटांचं कसं सांगू त्यांना? पुन्हा ताट समोर घेऊन बसतील."

मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण त्यांना ते आवडत नाही हे मला माहीत होतं, म्हणून शेंगा सोलत राहिले.

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. सकाळी मी कुंपणाजवळ कपडे वाळत घालत होते, काकू त्यांच्या पायरीवर बसल्या होत्या. काका पत्र्याखालून एक बसकं स्टूल घेऊन आले, ओट्याजवळ बसून भाजी चिरायला काकूंसाठी केलेलं. त्याच्या कडेला त्यांनी ओळीने खाचा पाडल्या होत्या, कंगव्याच्या दातांसारख्या. आठवडाभर त्यांचं तेच चाललं होतं, कोणाला आत डोकावू दिलं नव्हतं.

त्यांनी ते काकूंच्या मांडीवर ठेवलं. "हं, सांग. नवीन आहे. कशी आहे कड?"

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. स्टूल कधी घरात ठेवलेलंच नव्हतं. काकूंना ते ओळखायला जागेचा आधार नव्हता.

"काका," मी ओरडले, "तुमचं दूध उतू जातंय वाटतं!"

"जाऊ दे. सांग गं."

काकूंची बोटं कडेवरून फिरायला लागली. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग पुन्हा परत. खाचांमध्ये बोटाचं टोक बसत होतं, निघत होतं. त्यांनी मान थोडी वर केली होती आणि चेहऱ्यावर खूप विचार केल्यासारखं काहीतरी होतं. मला ते बघवेना आणि नजरही काढवेना.

"गोल," काकू म्हणाल्या. "छान गोल झालीय. टेबलासारखी."

काकांनी कडेकडे बघितलं. मग काकूंच्या बोटांकडे बघितलं, ती अजून खाचांवरच होती. भाजल्याचे डाग अजून गेले नव्हते. काका बराच वेळ ते डाग बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं तर मला काय करायचं ते सुचलं नसतं. त्यांनी बघितलं नाही.

"पास," ते म्हणाले. नेहमीपेक्षा हळू म्हणाले, पण म्हणाले.

काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "मी म्हटलं नाही?" त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या, भिंतीला एकदाही हात न लावता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तेव्हा काका पत्र्याखाली बसले होते. स्टूल दोन्ही पायांत धरलेलं, हातात कानस. आठवडाभर पाडलेल्या खाचा ते एकेक करून घासून काढत होते. बारीक भुसा त्यांच्या गुडघ्यांवर साचला होता.

"काका, हे काय? इतक्या सुबक खाचा होत्या!"

त्यांनी वर बघितलं नाही. कडेवरून अंगठा फिरवला, अजून एक दात हाताला लागत होता तिथे कानस टेकवली.

"ती गोल म्हणाली ना," ते म्हणाले.