काशाभाऊ आणि तंबूतला जिन्न

दहिवलीला आमच्या शेजारी काशाभाऊ राहत. त्यांच्याकडे चहा प्यायचा तर चहाआधी ताकीद प्यावी लागे. "गरम हाय हां. कपाचा कान हलतोय. लढाईमुळं साखर कमी हाय. आधी सांगितलेलं बरं!" उठताना "उंबरा हाय", बाहेर पडताना "शेन हाय". म्हशीच्या आचळाला हात लावण्याआधी ते तिलाही "हात गार हाय गं" असं कळवत.

हे खूळ लेक गेल्यापासूनचं. त्यांची बायो सकाळी अंगणात खेळत होती आणि संध्याकाळी तापानं गेली. तेव्हापासून वहिनी घराबाहेर पडेनात, कामापुरतं बोलत, तेही कमीच. भाऊंना जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे बायकोनं पुन्हा एकदा आपल्यावर खेकसावं. "आधी लय खेकसायची रं," ते कौतुकानं सांगत.

त्या वर्षी भात झोडून झाल्यावर भिसेगावच्या माळावर तंबूतला सिनेमा आला. बोलपट होता, सुरईतून निघणाऱ्या दुष्ट जिन्नाचा. मागाल ते तो देई, पण वाकडं करून देई. एकानं राज्य मागितलं. जिन्नानं दिलं, प्रजा मात्र सगळी मेलेली. पार पोशीरहून माणसं गाड्या जुंपून घाबरायला येत होती.

पहिल्या दिवशी भाऊ एकटेच गेले आणि जिन्नावर चिडून परत आले. "आरं, मेलेली परजा देनार व्हतास तर आधी सांगायचं ना!" त्याच्या दुष्टपणाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी ते वहिनींच्या मागे लागले. "जिन्न कवा कवा येतो ते समदं पाठ केलंय. तुला भिऊ नाय देनार." वहिनी आत गेल्या आणि लुगडं बदलून आल्या. मी आणि आमची ही सोबत निघालो.

तंबूत पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, मध्ये कनात. वहिनी पलीकडे गेल्या आणि भाऊंना घाम फुटला. सुरईतून धूर निघाला तसे ते उभे राहून ओरडले, "अगं, ऐकलंस का! डोळे मीट!"

आता चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची आमच्याकडे कुणाची छाती नव्हती. घरोघरी "अगं, ऐकलंस का" हीच हाक. त्यामुळे कनातीपलीकडे एकूण एक बाईनं डोळे मिटले. आमच्या हिनंसुद्धा. जिन्न आला, गुरगुरला, गेला. एक किंकाळी नाही. "हां, उघड आता!" सगळ्यांनी उघडले. तंबूवाला हात जोडत आला, "भाऊ, माझ्या जिन्नाची अब्रू घालवू नका हो!"

भाऊ कसले ऐकतात! शेवटी जिन्न सरळ अंगावर झेप घेतो, ते अजून व्हायचं होतं. ते पुन्हा उभे राहिले. "अगं, ऐकलंस का..."

"अवं!" पलीकडून असा आवाज आला की खुद्द जिन्न दचकला असावा. "बघू द्या की मेलं! भ्यायलाच आलोय ना आमी? तुमीच मिटा डोळे!"

आणि घरोघरी ज्यांना "अवं" म्हणतात त्या आम्ही समस्त पुरुषांनी मुकाट्यानं डोळे मिटले. जिन्नाची झेप फक्त बायकांनी पाहिली आणि हसून हसून तंबू डोक्यावर घेतला. त्यात वहिनींचं हसू मला ओळखू आलं. किती दिवसांनी ऐकलं ते! मला फार बरं वाटलं.

"खेकसली रं!" भाऊंनी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठीच मारली. "समद्या तंबूसमोर खेकसली!" तो माणूसही उगाच "वा वा" म्हणाला. मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या.

परतताना वहिनी आमच्या हिच्याशी बोलत पुढे चालल्या होत्या. दहिवलीच्या वळणावर त्या थांबल्या आणि मागे वळल्या.

"अवं, खड्डा हाय. सांभाळून या."

तो खड्डा भाऊंना पाठ होता. रोज तेच आम्हाला दाखवत. पण ते तिथंच उभे राहिले, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि हळूच म्हणाले, "बरं झालं गं, आधी सांगितलंस."