बारा टक्के बॅटरीवरचा सत्कार

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. विजेच्या मोटारसायकलवर, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, जालना जिल्ह्याचे आठही तालुके पालथे घालणारा पहिला माणूस मी आहे. मी, भुजंग! ज्याला शंका असेल त्यानं समोर येऊन बोलावं! आणि एवढं करूनही आज मी इतक्या माणसांवर चिडलेलो आहे की त्यांना शिव्या द्यायच्या तर तालुकावार वाटणी करावी लागेल.

सुरुवात सासऱ्यांपासून करतो. माझे सासरे रामराव, मुक्काम आष्टी, तालुका परतूर. लग्नात त्यांनी मला पेट्रोलची मोटारसायकल दिली होती. ती मी विकली आणि विजेची घेतली. माझी होती, विकली! त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे? पण रामराव त्या दिवशी जे गप्प झाले ते झालेच. मला फोन नाही, निरोप नाही. जे काय असेल ते माझ्या बायकोमार्फत, म्हणजे शीतलमार्फत. बिचारी दोन्हीकडची बोलणी खाऊन वैतागून गेली.

तेवढ्यात माझ्या मेव्हण्याचं, बबलूचं, लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात जावयांचं नाव माइकवर पुकारतात, फेटा बांधतात, शाल आणि नारळ देतात. रामरावांना जावई दोन. थोरले बद्रीनाथ आणि धाकटा मी. बद्रीनाथ म्हणजे असा माणूस, की ज्याला लग्नात मिळालेली गाडी अजून आहे, तिच्या सीटवरचं प्लॅस्टिकही अजून आहे! अशा माणसाशेजारी बिनफेट्याचं बसायचं म्हणजे मरणच.

आणि नेमका निरोप आला. शीतलनं फोन ठेवला आणि म्हणाली, "बापू म्हणले, जावयानं त्या खेळण्यावर जालन्याहून आष्टीला येऊन दाखवावं. टेम्पोत न घालता आले तर मांडवात मान. न्हाई तर गुमान पंगतीत बसून जेवून जावं."

खेळणं! माझ्या गाडीला खेळणं!

"जालना ते आष्टी?" मी ओरडलो. "एवढंच? सांग तुझ्या बापूंना, आठ तालुके फिरून येतो! विक्रम करून येतो!"

"अहो, बापू म्हणले सरळ या. परतूरच्या रोडनं या. तुम्ही जाफ्राबादला कशाला चालले मरायला?"

"स्वाभिमान!" मी म्हणालो.

"त्याला चार्जिंग कुठं भेटतं?" असं विचारून ती भाकरी थापायला गेली.

दिल्लीच्या एका विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेला मी लिहिलं. त्यांच्या अटी सोप्या होत्या. प्रत्येक तालुक्यात व्हिडिओ काढायचा, बरोबर एक साक्षीदार ठेवायचा आणि गाडी दुसऱ्या कुठल्याही वाहनावर चढवायची नाही. साक्षीदार म्हणून माझा मित्र नजीर. जालन्याच्या एमआयडीसीत त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. तो त्याच्या पेट्रोलच्या गाडीवर माझ्या मागे येणार होता.

"भुजंगभाऊ, बिलकुल टेन्शन घेऊ नका," नजीर म्हणाला. "पहिलं चार्जिंग माझ्या दुकानात. दुसरं भोकरदनला, तिथं ढाब्यावर नवी मशीन बसल्याली हाय, मोबाईलच्या नकाशात बराबर दिसून राह्यली. तिसरं घनसावंगीला. खतम!"

आदल्या रात्री मंठ्याला मुक्काम केला आणि उजाडताच तिथून निघालो. सुटलो ते थेट जालना! गाडीचा आवाज नाही, धूर नाही, रस्त्यावरच्या म्हशींना मी बाजूनं गेल्यावर कळायचं की कोणीतरी गेलं. नजीरच्या दुकानात गाडी भरली, जाफ्राबाद गाठलं, व्हिडिओ काढला, भोकरदनकडे वळलो. तोवर सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी हेल्मेटच्या आत फेट्याचा रंग ठरवत होतो.

भोकरदनच्या ढाब्यावर मशीन होती. नवीकोरी! तिला लाल फीत बांधलेली होती आणि वरून झेंडूचा हार. हार वाळून त्याचं चिपाड झालं होतं. मी पिन काढायला गेलो तसा ढाबेवाला कोथिंबीर निवडता निवडता उठला.

"ओ पाव्हणे! हात लावू नका! उद्घाटन व्हायचंय."

"कधी?"

"साहेबांची तारीख भेटंना."

"मशीन चालू आहे का?"

"चालू हाय की! दोन महिन्यापासून चालू हाय. फक्त उद्घाटन न्हाई झालं."

"अहो, मग मला लावू द्या ना!"

"असं कसं? साहेबांच्या आधी तुम्ही लावलं तर मंग उद्घाटन कशाचं करायचं?"

ह्या प्रश्नाला जगात उत्तर नाही. मी त्याला जे सुनावलं ते इथं लिहिता येत नाही, पण कोथिंबीर निवडणं त्यानं थांबवलं नाही. तिकडे गाडीच्या पडद्यावर बॅटरी उतरत चालली होती.

"घाबरू नका," नजीर म्हणाला. "हसनाबादला आपली कमरबी खाला हाय. तिची पिठाची गिरणी हाय. गिरणी म्हणल्यावर जाड्या पिनेचा बोर्ड असणारच. फोन लावतो." त्यानं लावला. खाला म्हणाली, "जल्दी आओ बेटा, गिरणी बंद ठेवते." बघा, अशी माणसं असतात! एका वाक्यात काम!

पण त्या एका वाक्याच्या फोनवरून हसनाबादभर जे झालं, ते मला वेशीवर पोचल्यावर कळलं. वेशीत हलगी वाजत होती. पुढं तातेराव उभे होते. तातेराव म्हणजे गावचे माजी सरपंच आणि माझ्या सासऱ्यांचे लांबचे मावसभाऊ. त्यांनी रस्ताच अडवला.

"या जावईबापू! या विक्रमवीर!"

"काका, नमस्कार. बॅटरी बारा टक्क्यांवर आली आहे. आधी गिरणीत गाडी लावतो."

"गिरणीत?" तातेरावांचा चेहरा असा झाला, जणू मी उकिरड्यावर जेवायला बसतो म्हणालो. "रामरावचा जावई हसनाबादेत येऊन गिरणीत चार्जिंग करणार? आमची काय इज्जत राहील? समाजमंदिरात चला! तिथं जाडी पिन हाय. गाडीबी भरंल, दोन मिनिटं सत्कारबी व्हईल."

दोन मिनिटं! मराठवाड्यात दोन मिनिटांचा सत्कार कोणी पाहिला असेल तर मला कळवा, मी त्याचाच सत्कार करीन!

समाजमंदिरात भिंतीला जाड्या पिनेचा एकच बोर्ड होता. मी माझ्या हातानं गाडीची पिन लावली. हिरवा दिवा लुकलुकला. मग मला धरून बाहेर मांडवात नेलं, खुर्चीत दाबलं, आणि सुरू झालं. मान्यवरांची ओळख. मान्यवरांकडून मान्यवरांचं स्वागत. दूध डेअरीच्या अध्यक्षांनी विजेच्या गाडीमुळे दुधाला कसा भाव येईल ते सांगितलं. निवृत्त मुख्याध्यापकांनी विजेच्या शोधापासून सुरुवात केली. तातेरावांनी मोबाईल खांबाला बांधून सगळा कार्यक्रम थेट दाखवायला सुरू केला आणि वर रामरावांच्या घरच्या ग्रुपवर पाठवला. माझ्या अंगावर शाली पडत होत्या. मे महिना! शालीखाली मी भाजलेल्या कणसासारखा झालो होतो. तरी मी गप्प होतो, कारण प्रत्येक वक्ता शेवटी म्हणत होता, "आपण इथं बोलून राह्यलो अन् तिकडं गाडी भरून राह्यली!" आणि टाळ्या पडत होत्या. मीही वाजवत होतो. गाढवासारखा!

दोन तास गेले. शेवटी पुकारा झाला, "आता सत्कारमूर्ती मनोगत व्यक्त करतील." तातेरावांनी माझ्या डोक्याला फेटा गुंडाळला आणि हातात माइक दिला. तेवढ्यात नजीर धावत आला आणि कानाशी लागला.

"भुजंगभाऊ. बारा टक्के."

"बारा मघाशी होती. आता किती?"

"आताबी बाराच. तुम्ही खुर्चीत बसले अन् यांनी आपली पिन काढली. भोंग्याला लावली."

मंडळी, मी माणूस रागीट नाही असं मी म्हणणार नाही. पण दोन तास मी ज्या विजेची वाट बघत होतो तीच वीज माझं कौतुक करायला जळत होती, हे कळल्यावर कोणीही काय केलं असतं? मी डोक्यावरचा फेटा काढून खाली आपटला आणि माइक तोंडाशी धरला.

"मला शाल नको!" मी गरजलो. भोंगा गावाच्या पार पलीकडे ऐकू जात होता. "नारळ नको! नारळात करंट असतो का? अन् फेटा तर मुळीच नको! ह्या जन्मात मला कोणी पुन्हा फेटा बांधायला आलं, तर त्याच फेट्यानं त्याला विजेच्या खांबाला बांधीन! सत्कार करून करून माणूस मारता तुम्ही! मला मान नको, मला पिन पाहिजे! पिन द्या! पि..."

आणि आवाज गेला. मी ओरडतच होतो, हात हलवत होतो, पण कोणाला काही ऐकू येईना. नजीरनं भोंग्याची पिन उपटून गाडीची लावली होती.

हलगीवाल्यानं हलगी पाठीमागे लपवली. तातेराव खाली बघत फेटा गुंडाळू लागले. ते बघूनही तेव्हा मला दया आली नाही. कमरबी खाला तेवढ्यात गिरणीवरून चहा घेऊन आली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बेटा, कब से गिरणी बंद ठेवली तुझ्यासाठी. अर्ध्या गावाचं दळण पडून हाय. आता पी चाय, अन् आवाज कम कर."

मी चहा प्यायलो. आवाज कमी केला.

पण तातेरावांचा मोबाईल खांबाला बांधलेलाच होता! ते भाषण माझ्यापुढं पळालं. गाडी थोडी भरून बदनापूरला पोचलो तर हॉटेलवाला हातात पिन धरून रस्त्यावरच उभा. एक कारवाला आपली गाडी अर्धवट भरलेली काढून बाजूला झाला आणि लांबूनच म्हणाला, "घ्या साहेब, घ्या. आमाला काय घाई न्हाई." अंबडला व्हिडिओ काढताना कोणी नाव विचारलं नाही. घनसावंगीला तर लोकांनी बोर्ड रस्त्यापर्यंत आणून ठेवला होता आणि स्वतः घरात जाऊन दारं लावून घेतली होती. पाणी कुठं आहे म्हणून विचारलं तर खिडकीतून तांब्या बाहेर आला. जिल्ह्यात इतकं सुरळीत चार्जिंग आजवर कोणाचं झालं नसेल!

आष्टीच्या फाट्यावर पोचलो तेव्हा सूर्य कापसाच्या जिनिंगच्या पत्र्याला टेकला होता. रामराव उभे होते. शेजारी शीतल, सकाळीच बसनं येऊन थांबलेली. तिचा चेहरा बघून मला काही कळेना, ती हसते आहे की रडते आहे. रामराव गाडीभोवती एक फेरी मारून आले. टायर दाबून पाहिला.

"टेम्पोत घातली न्हाई?"

"नाही बापू."

"बराबर." चार महिन्यांत ते पहिल्यांदा माझ्याशी बोलत होते. "गाडी चांगली हाय. मी शब्दाचा पक्का हाय. मांडवात तुमचा मान ठेवणार."

मला भरून आलं. खरंच आलं. राग एका क्षणात उतरला.

तो आठवडाभर उतरलेलाच राहिला असता. पण संस्थेनं विक्रम मान्य केला आणि पत्र पाठवलं, की आपल्याला समारंभ आवडत नसल्याचं व्हिडिओवरून समजलं, म्हणून प्रमाणपत्र ईमेलनं पाठवत आहोत. मी कामाला आहे त्या कंपनीत फलकावर माझं नाव लागणार होतं, तेही मॅनेजरनं पुसलं. मला आवडणार नाही म्हणे! मी म्हटलं, जाऊ द्या. बबलूचं लग्न आहे ना!

लग्नात मी पहिल्या रांगेत बसलो. केस नीट विंचरले होते, फेटा बसायला सोपं जावं म्हणून. माइकवर पुकारा झाला, "थोरले जावई, बद्रीनाथराव!" बद्रीनाथ डुलत गेले, फेटा बांधून आले आणि माझ्याशेजारी बसून मोबाईलमध्ये स्वतःला बघू लागले. मी खुर्चीच्या कडेवर आलो. पुढचा पुकारा झाला, नवरीच्या मामाचा. मग काकाचा. मग आचाऱ्याचा! आचाऱ्याला फेटा बांधला हो! मी उठणार, तेवढ्यात रामराव स्वतः आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे ओले होते.

"जावईबापू, तुमचा मान ठेवला. फेटेवाल्याला सकाळीच बजावलं, त्यांच्या वाऱ्यालाबी उभं राहू नको. शाल न्हाई, नारळ न्हाई. आजपर्यंत कोण्या जावयाचं मन मी इतकं वळखलं न्हाई. अन् हे बघा."

त्यांनी खुर्चीखाली बोट दाखवलं. मांडवाच्या जनरेटरपासून थेट माझ्या पायापर्यंत खास वायर ओढून आणली होती, आणि तिच्या टोकाला जाड्या पिनेचा नवा बोर्ड. त्याला कुंकू लावलेलं होतं.

माझं तोंड उघडलं. शीतलनं दंड दाबला. "गप बसा. सगळ्या गावानं ऐकलंय तुम्हाला काय पाहिजे ते."

"फार बरं केलं, बापू," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

पण तुमच्यापाशी खोटं बोलत नाही. मला तो फेटा पाहिजे होता हो! गुलाबी होता, जरीच्या काठाचा.