उरकुडाजी सेलोकर, मयत

प्रचारसभा संपली, की उमेदवार गाडीत बसायच्या आत उरकुडाजी सेलोकर त्याला गाठतात आणि त्याच्या भाषणात माल किती टक्के निघाला ते तोंडावर सांगतात. "सायेब, सहा टक्के. बाकी गोटा." उमेदवाराला वाटतं, म्हातारा आशीर्वाद देऊन राहिला. तो वाकून पाया पडतो, फोटोवाला फोटो काढतो, आणि दुसऱ्या दिवशी तो फोटो 'ज्येष्ठांचा पाठिंबा' म्हणून गावभर फिरतो.

उरकुडाजी माझे शेजारी. चिखल्याच्या मँगनीज खाणीत छत्तीस वर्षं सॅम्पलर होते. खाणीतून निघालेल्या ढिगातून मूठमूठ माल काढायचा, कुटायचा, त्याचा छोटा ढीग करून चार वाटे पाडायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेले दोन मिसळायचे, पुन्हा चार वाटे. असं करत करत हजार टनांच्या ढिगातून पसाभर भुकटी राहते आणि ती पसाभर भुकटी अख्ख्या ढिगाबद्दल खरं बोलते. त्यात कामाचा माल किती आणि गोटा, म्हणजे बिनकामाचा दगड, किती, ते टक्के काढायचं काम केमिस्टचं. पण उरकुडाजी म्हणतात, केमिस्टला पगार जास्त होता, अंदाज त्यांचाच बरोबर यायचा.

रिटायर झाल्यावर कंपनीचं क्वार्टर सुटलं, ते आमच्या गावात घर बांधून राहायला आले आणि ढीग नाही म्हणून भाषणांचं सॅम्पल घेऊ लागले. पहिल्या रांगेत बसायचं, वहीत दोन रकाने पाडायचे. रस्ता, पाणी, शाळा, धानाची खरेदी, दवाखान्यात डॉक्टर, एवढ्याला माल म्हणायचं. धर्म धोक्यात, पोरींच्या हातात मोबाईल, शेजाऱ्याच्या गंजात काय शिजतं, पाचशे वर्षांपूर्वी कोण कोणाशी कसं वागलं, हा सगळा गोटा.

आता आमच्या भागात गेली काही वर्षं ज्या पक्षाचा जोर आहे, त्याला उरकुडाजी 'संस्कृतीवाले' म्हणतात. मीही तेच म्हणतो. नाव घेण्याची हिंमत माझ्यात नाही आणि गरजही नाही. संस्कृतीवाल्यांचं भाषण पंचेचाळीस मिनिटांचं असतं. त्यातली चव्वेचाळीस मिनिटं आपली महान परंपरा कशी बुडत चालली ते सांगण्यात जातात, आणि शेवटच्या मिनिटाला उमेदवाराला कोणीतरी चिठ्ठी देतं, की साहेब, इथं दवाखान्यात डॉक्टर नाही. मग ते म्हणतात, "तोही प्रश्न आपण मार्गी लावू." टाळ्या परंपरेला पडतात. डॉक्टर येत नाही. खोकणारे खाणकामगार पाचशे वर्षांपूर्वीच्या अपमानाने पेटून घरी जातात आणि घरी जाऊन पुन्हा खोकतात.

उरकुडाजींचा राग मात्र फक्त संस्कृतीवाल्यांवर नव्हता. ज्यांना ते जन्मभर मत देत आले, त्या पुरोगामी बाजूचा उमेदवार गेल्या निवडणुकीत गावात आला. तो आधी मारुतीच्या देवळात गेला, नारळ फोडला, संस्कृतीवाल्यांपेक्षा दोन बोटं मोठा टिळा लावून मंचावर चढला आणि म्हणाला, खरे संस्कृतीवाले तर आम्हीच. उरकुडाजींनी त्या दिवशी वही मिटून टाकली. परत येताना मला म्हणाले, "गुरुजी, त्यायचा गोटा निदान खाणीतला आहे. आपल्यावाल्यानं बाजारातून विकत आणला."

गुरुजी म्हणजे मी. इथल्याच शाळेत मास्तर आहे. उरकुडाजींचं म्हणणं मला नेहमी पटत आलं, आणि ते पटतं हे मी आजवर कोणालाही कळू दिलेलं नाही. चौकात उरकुडाजी बोलले की मी मान हलवतो; ते गेले आणि दिलीप बोलायला लागला की त्याच मानेने तेच करतो. सरकारी माणूस म्हटला की मान मोकळी ठेवावी लागते, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

दिलीप हा आमच्याकडचा संस्कृतीवाल्यांचा मुख्य माणूस. बियाणं-खताचं दुकान, दुकानापुढे झेंडा, आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन. तो रोज सकाळी एक भयंकर बातमी टाकतो. त्याखाली उरकुडाजींचं उत्तर ठरलेलं: "सॅम्पल कुठं आहे?" बातमी कोणत्या गावची, कोणी पाहिली, पेपरात कुठं आली, ते सांगा. दिलीप त्यांना ग्रुपमधून काढतो. दोन दिवस ग्रुपवर नुसती फुलं आणि सुविचार येतात. मग कंटाळून दिलीपच त्यांना पुन्हा घेतो. दुकानात भेटले की दोघांचं जुंपतं. "काकाजी, तुमी कोणत्या देशाचे हो?" असं दिलीप विचारतो आणि त्यांना चहा सांगतो. उरकुडाजी सांगतात, "खालच्या पाचशे फुटाचा." चहा मात्र पितात.

आता मी माझ्याकडे येतो. इथवरचं लिहायला मला एक दिवस लागला, इथून पुढचं लिहायला सव्वा वर्ष.

मास्तरकीसोबत माझ्याकडे मतदार यादीचंही काम आहे. आमच्या बूथवरच्या लोकांची नावं चढवायची, गेलेल्यांची काढायची. नियम असा, की घरोघरी जायचं, विचारायचं, खात्री करायची. दिवाळीच्या आधी उरकुडाजींची बायको, सुभद्राकाकू, गेल्या. महिन्याभरात यादीचं काम निघालं. काकूंचं नाव काढायचं होतं. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक भिंत आणि एक पपईचं झाड एवढंच अंतर. मी गेलो नाही.

गेलो असतो तर दोनपैकी एक गोष्ट झाली असती. एक तर उरकुडाजींनी दोन तास मला देशाची परिस्थिती समजावली असती. किंवा समजावली नसती, नुसते बसून राहिले असते, आणि मला काय बोलावं ते सुचलं नसतं. दुसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटली. मग शाळेत, पोरांना गणितं घालून, मी खुर्चीवर बसल्या बसल्या मोबाईलवर काम उरकलं. यादीत नवरा-बायकोची नावं एकाखाली एक असतात. मी एक ओळ वर बोट ठेवलं.

मला ते तेव्हा कळलंच नाही. मतदानाच्या दिवशी कळलं.

मतदानाला पहिला नंबर दरवेळी उरकुडाजींचा. त्या दिवशीही सातच्या आधी पांढरा धुतलेला सदरा घालून हजर. मी बाहेर टेबलावर यादी घेऊन बसलो होतो. आतल्या अधिकाऱ्याने यादीवर बोट फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं. मग म्हणाला, "बाबा, तुमचं नाव कमी झालं आहे. मयत लिहिलं आहे."

रांगेतल्यांनी माना पुढे काढल्या. मग संस्कृतीवाल्यांचा एजंट म्हणून आत बसलेला दिलीप हसला. वाईट हेतूने नाही, त्याला आवरलं नाही. "काकाजी, तुमी त वारले म्हणते यादी."

"मंग मेलेल्याले रांगेत कायले उभं ठेवलं?" उरकुडाजी म्हणाले. "भितरच्या भितर जाऊ द्या न."

लोक हसले. ते हसले नाहीत. मी माझ्या यादीत पाहिलं. उरकुडा सेलोकर या नावावर आडवा शिक्का, आणि बरोबर त्याखाली सुभद्रा उरकुडा सेलोकर, फोटोसकट, मत द्यायला पात्र. उरकुडाजी बाहेर आले, माझ्यापुढे उभे राहिले. मी म्हणालो, चौकशी करतो. आतून जे वाक्य वर येत होतं ते सोडून मी हे वाक्य बोललो.

उरकुडाजींना चौकशीची गरज नव्हती. जन्मभर दुसऱ्यांना सॅम्पल मागणाऱ्या माणसाने त्या दिवशी सॅम्पल न घेता निकाल दिला: हे संस्कृतीवाल्यांनी केलं. दिलीपने केलं. रोज ग्रुपवर नडणारा म्हातारा जड जात होता, मारून टाकला. गावातल्या अर्ध्या लोकांना ते पटलंही, कारण संस्कृतीवाल्यांबद्दल काहीही पटावं इतकी त्यांनी तयारी करून ठेवली होती. निकाल लागला, ते भरपूर मतांनी आले. एका मताने काय झालं असतं, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, मग पोरांना शाळेत मताची किंमत काय शिकवता?

पुढचं सांगताना लाज वाटते. उरकुडाजींनी कलेक्टरला अर्ज लिहिला आणि भाषा तपासायला माझ्याकडेच आणला. मी तपासली. शुद्धलेखन सुधारलं. त्यांनी लिहिलं होतं, 'ज्यानं केलं त्याले विचारा.' मी ते खोडून तिथं 'संबंधित दोषी व्यक्तीवर कठोरात कठोर कारवाई करण्यात यावी' असं लिहिलं. वाक्य चांगलं जमलं होतं. त्यांनी मला चहा पाजला.

दिलीप एकदा शाळेत आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, खोटं कायले बोलू, आम्ही बाकी सगळं केलं असन. हे नाही केलं." त्याची आई उरकुडाजींकडे जाऊन देवाची शपथ घेऊन आली होती, उरकुडाजींनी तिला सांगितलं, देवाची साक्ष कागदावर चालत नाही. दिलीपने त्यांना चहा सांगणं बंद केलं. ग्रुपवर आता भयंकर बातम्या बिनविरोध येऊ लागल्या.

मग एक दिवस उरकुडाजी भिंतीवरून म्हणाले, अर्जाचं काही होत नाही, उद्या ठाण्यात जाऊन दिलीपच्या नावानं रिपोर्ट देतो, तुमी सोबत चला, तुमच्यासारखं लिहिणं मले जमत नाही.

मी त्याच दुपारी त्यांच्या घरी गेलो. काकू गेल्यानंतर पहिल्यांदाच. ते ओसरीत सुपात तांदूळ निवडत बसले होते. मी बसलो नाही, बसलो असतो तर बोललो नसतो. उभ्यानेच सगळं सांगितलं. घरी आलो नाही, शाळेत बसून केलं, एक ओळ चुकली, दिलीपचा संबंध नाही, अर्जातलं ते वाक्यही माझं.

ते तांदळातले खडे काढत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तिचं नाव कटलं नाही?"

"नाही."

"अजून आहे?"

"आहे."

त्यांनी सूप खाली ठेवलं. दरवर्षी यादी लागली की ते चष्मा लावून ओळ न ओळ वाचतात, हे गावाला माहीत आहे. ती चूक त्यांना महिनाभर आधी दिसली असती. म्हणाले, यंदा वाचली नाही. तिच्या नावावर शिक्का पाहावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी ते ठाण्यात न जाता दिलीपच्या दुकानात गेले आणि पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, माझं चुकलं, तुझ्यावर खोटा आळ घेतला. नाव कोणी कापलं ते कळलं का, असं दिलीपने विचारलं. "कळलं. साधी चूक होती," एवढंच बोलले. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. तेव्हाही मी गप्प राहिलो. हे लिहितो आहे ते त्यासाठीच, दिलीपही वाचेल.

आठवडाभरानं ते माझ्याकडे सहा नंबरचा फॉर्म भरायला आले, नाव नव्यानं चढवण्याचा. अठरा वर्षांची पोरं भरतात तो. सोबत काकूंचा मृत्यूचा दाखलाही आणला होता. मी न मागताच म्हणाले, हे पण करून टाका, नियम आहे.

मी लिहीत होतो. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "गुरुजी, तुमची काकू कोणाले मत दे, माहीत आहे?"

मी म्हणालो, तुमच्यासारखंच असेल.

"संस्कृतीवाल्याले. पयल्यापासून. उपासतापास करे, तिले थे आपले वाटत. मी रात्रंदिवस समजावलं. आयकून घे अन् बूथवर जाऊन त्यायलेच दे. बाहेर येऊन सांगे, तुमचं फेडलं म्हणे." ते थोडं हसले. "तीस वर्षं मले राग ये, का हे घरातच माझं मत मारून राह्यली. आता कोणी मारणारं नव्हतं. त्या दिवशी मोकळं मत घेऊन रांगेत उभा होतो. भितर गेलो असतो त माझं दाबलं असतं का तिचं, मले आजही सांगता येत नाही."

मी फॉर्मवर सही कुठं करायची ते दाखवलं.

सही करून ते उठले. दारात थांबले.

"दोन्ही कागद एकाच दिवशी नोका पाठवू, गुरुजी. पयले माझं नाव चढू द्या. मंग तिचं काढा. यादीत काही दिवस दोघंही राहू."

उरकुडाजींचं नाव मागच्या महिन्यात आलं. शेवटच्या पानावर, पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरापोरींच्या खाली. काकूंचा कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. नियमाप्रमाणे मी तो कधीच पाठवायला हवा होता. रोज खण उघडतो, खडू काढतो, आणि वर्गावर जातो.