मुठीत अडकलेला निरोप

निरोप पोचवण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! कचेरीत शिपाई म्हणून लागलो तेव्हा मी अक्षराला ओळखत नव्हतो आणि अक्षर मला. त्यामुळे निरोप बोटांवर धरायची सवय लागली. एक निरोप, एक बोट मिटलं. पुढे केस पांढरे झाल्यावर वाचायला शिकलो, पण बोटांवरचा भरवसा गेला नाही. कागद हरवतो. बोट कुठे जाणार?

म्हणून सूनबाईनं घरातल्या निरोपांचं काम माझ्यावर सोपवलं तेव्हा मी अगदी निवांत होतो. ती नव्हती.

सूनबाईचं काम मला समजलंय असं मी म्हणेन. ती म्हणणार नाही. तिच्या खोलीत गिरणीसारखा घरघरणारा एक संगणक आहे. त्याच्या पोटात आणखी बरेच संगणक आहेत, पण ते खरे नव्हेत, मानलेले. एकाच खोलीत पडदे लावून बिऱ्हाडं थाटावीत तसे. या बिऱ्हाडांमधून सामानाची ने-आण करणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याच्याकडे गाडी नसते, हे मी विचारून घेतलंय. हा ड्रायव्हर एकेका पुडीसाठी दार वाजवायचा, त्यात सगळा वेळ जायचा. सूनबाईनं त्याला शिस्त लावली: टोपली भरू दे, मग एकदाच वाजव. शिवाय तिचा एक कंपायलर आहे. ती लिहिते ते यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषा म्हणा. त्यालाही तिनं शहाणं केलं होतं: जे काम उगाचचं दिसेल ते गाळून टाक. आता दोघं असे पळत होते, जणू मागे कुत्रं लागलंय.

त्या दिवशी दुपारी मोठे साहेब दूरवर बसून, पडद्यावरून, या पळण्याची परीक्षा घेणार होते. पसंत पडलं तर सूनबाईनं घरूनच काम करायचं. नाही पडलं तर तिनं मुख्य कचेरीत, म्हणजे पार दुसऱ्या शहरात रुजू व्हायचं. मग मुलगाही जाणार, नुकतं रांगायला लागलेली नातही जाणार. घरात उरणार मी, आमची ही आणि भिंतीवरचं घड्याळ.

सकाळी सूनबाईनं तिचा फोन माझ्या हातात दिला.

"बाबा, दर निरोपाला दार वाजवू नका, माझी तंद्री मोडते. पाच जमले की एकदम सांगा. आणि नाही जमले तरी अधूनमधून घड्याळ बघत राहा. फार वेळ झाला तर असतील तेवढे घेऊन या."

"म्हणजे मी ड्रायव्हर."

"हो," ती म्हणाली, "बिनगाडीचे."

तिनं दार लावलं. मी लगेच घड्याळ बघितलं. साडेनऊ. लक्षात ठेवलं आणि कामाला लागलो.

पहिला आला नळदुरुस्तीवाला. खालचा पाइप बदलायचाय, पाणी जाणार, भरून ठेवा, असं सांगून गेला. करंगळी मिटली. बादली लावावी असं मनात आलं होतं, पण निरोप सूनबाईच्या नावचा. मधल्या माणसानं दुसऱ्याची पुडी फोडायची नसते! मग शेजारच्या वहिनी म्हणाल्या की तुमची चादर उडून आमच्या पत्र्यावर पडली आहे. दुसरं बोट. मग मुलाचा फोन, यायला उशीर होईल. तिसरं. आणि मग खुद्द मोठ्या साहेबांचा फोन. आवाज अगदी मऊ. दुपारी त्यांना दुसरीकडे जायचं होतं, म्हणून परीक्षा अकरालाच उरकू, असं बाईंना सांगा म्हणाले. मी "हो साहेब" म्हटलं आणि चौथं बोट मिटलं.

उरला अंगठा. आणि पाचवा निरोप काही येईना.

फोन मुका झाला. मी गॅलरीत उभा राहिलो. रस्त्यावरून जाणाऱ्या इस्त्रीवाल्याला माझी मूठ आणि वर ताठ अंगठा दिसला, त्याला वाटलं मी त्याची वाहवा करतोय. त्यानं उलट अंगठा दाखवला. मी त्याला विचारलं, काही निरोप आहे का? तो म्हणाला, कपडे परवाच दिलेत. हा निरोप शिळा होता, मी धरला नाही. कामात आपण पक्के.

तेवढ्यात नातीला कडेवर घेऊन आमची ही फिरून आली.

"हाताला काय झालं?"

मी ऐटीत सगळं सांगितलं. ती ऐकत होती, आणि तिच्या भुवया एकेका निरोपागणिक वर चढत होत्या.

"साहेबांचा निरोप धरून बसलात?"

"अजून एक यायचाय."

"मग हा घ्या पाचवा. सूनबाईला सांगा, सासऱ्यांचं डोकं ठिकाणावर नाही. मिटा अंगठा आणि वाजवा दार."

मी वाजवलं. निरोप आले त्याच क्रमानं सांगायला लागलो. पाणी झालं, चादर झाली, मुलगा झाला. चौथा ऐकताच सूनबाई खुर्चीवरून अर्धी उठली आणि तशीच परत बसली. अकरा कधीच वाजून गेले होते.

पडद्यावर साहेब आधीच हजर होते. हनुवटीवर हात. त्यांनी परीक्षा एकट्यानंच सुरू केली होती. ढीगभर सामान वाऱ्यासारखं गेलं म्हणाले. मग त्यांनी एका मानलेल्या संगणकातून दुसऱ्यात एकच चिमुकला निरोप पाठवला होता.

"तो अजून पोचलेला नाही, बाई. मी वाट बघतोय."

सूनबाईचा चेहरा उतरला. असं व्हायलाच नको, ती म्हणाली. टोपली भरली नाही तरी घड्याळ बघून दार वाजवायचं, असं ड्रायव्हरला स्पष्ट लिहून दिलंय. मग ती गर्रकन माझ्याकडे वळली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"बाबा, तुम्हालाही घड्याळ बघायला सांगितलं होतं ना?"

"बघितलं की."

"कधी?"

"सकाळी. साडेनऊ झाले होते. एकदा बघितल्यावर तेच तेच उगाच काय बघायचं?"

आमच्या हीनं कपाळाला हात लावला. सूनबाई मात्र माझ्याकडे बघतच राहिली, तोंड उघडं. मग झटकन वळली आणि तिची बोटं कळफलकावर पावसासारखी पडायला लागली.

तिनं साहेबांना सांगितलं ते मी दारातून ऐकलं. तिच्या शहाण्या कंपायलरला घड्याळ पुन्हा पुन्हा बघणं उगाचचं वाटलं होतं. एकदा बघून घ्यायचं आणि पुढे तीच वेळ धरून चालायचं, असं त्यानं परस्पर ठरवलं. त्यामुळे ड्रायव्हरच्या जगात वेळ पुढे सरकतच नव्हती, आणि साहेबांचा निरोप अर्ध्या टोपलीत बसून राहिला होता.

इथे काटकसर नको, अशी ताकीद देणारी एक ओळ तिनं घातली. साहेबांनी पुन्हा तोच निरोप पाठवला. त्यांचं बोट उचललं जायच्या आत तो पोचला! मग ढीगही पाठवून पाहिला. तोही पूर्वीसारखाच पळाला.

"छान," साहेब म्हणाले. "तुम्ही आहात तिथेच राहा."

माझी मूठ तेव्हा सुटली. तोवर ती मिटलेलीच होती हे मला कळलंही नव्हतं. नातीनं त्यातलं एक बोट पकडलं, आणि मी तिला ते बराच वेळ धरू दिलं.

आमची ही म्हणाली, आता सगळ्यांना चहा. तिनं नळ सोडला. नळ खोकला, थुंकला आणि गप्प झाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तो निरोप मी पोचवलाय," मी म्हणालो. "पहिलाच होता."

वहिनींकडून बादली आणली, चादरही आणली. संध्याकाळी सूनबाईनं मला मुद्दाम खोलीत बोलावलं. त्या नव्या ओळीच्या वर तिनं पुढच्या लोकांसाठी एक सूचना लिहिली होती, आणि मला वाचता यावी म्हणून मराठीत. एवढ्या आयुष्यात माझा उल्लेख लेखी असा पहिल्यांदाच आला. मी चष्मा लावून, एकेक अक्षर जोडत, सावकाश वाचलं:

"घड्याळ दर वेळी नव्यानं बघणे. बाबांसारखं करू नये."

अक्षरं शिकायला आणखी थोडा उशीर केला असता तरी चाललं असतं, असं क्षणभर वाटून गेलं.